स्थिर पाय

दुपारच्या सुट्टीत स्कॅनची खोली रिकामी असायची. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी आपल्या धाकट्या भावाचा पट्टा, किल्ल्या, बूट काढून घेतले आणि त्याला टेबलावर झोपवलं. गेले तीन महिने त्याचे पाय झोपेतून उठतानाच थकलेले असत. गोदामात कामावर तो दोनदा कोसळला होता. मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली आणि ढोंग म्हणून हात झटकले. आज संध्याकाळपर्यंत आजारपणाचा दाखला पोचला नाही, तर त्याची नोकरी जाणार होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तपासणीत सुई नाही, चीर नाही. पोटरीला कॉइल बांधायची; स्नायूत साठलेली शक्ती यंत्र बाहेरूनच मोजतं. पायाने पेडल दाबलं की पडद्यावरची रेघ उतरते, विसावा घेतला की पुन्हा चढते.

आधी दोन मिनिटं नुसतं पडून राहायचं होतं. रेघ उतरायला लागली.

"पाय हलवू नकोस," त्या माइकवर खेकसल्या.

"नाही हलवत गं, ताई."

काचेतून दिसतच होतं. घोटा पट्ट्याने जखडलेला, बोटंसुद्धा स्थिर. रेघ मात्र एका लयीत उतरायची, जरा थांबून सावरायची, पुन्हा उतरायची. बाईंनी कॉइल बदलली, मग दुसरा पाय घेतला. लय तीच.

त्यांनी त्याच मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. जेवण अर्धवट टाकून यावं लागल्याने ते धुसफुसतच आले. पोरगा चोरून स्नायू आवळतोय, म्हणाले. बहिणीला साधा आलेख वाचता येत नाही, हेही त्याच्यासमोरच ऐकवलं.

"मग तुम्ही झोपा, साहेब," बाई म्हणाल्या. संतापाने त्यांचा आवाज कापत होता. "दोन मिनिटं. तुमची रेघ सरळ आली तर दाखला मागणार नाही."

डॉक्टरांनी हसत घड्याळ काढलं आणि ते आडवे झाले. रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ आली. बाईंनी दातओठ खाल्ले.

बाईंच्या मागे खुर्चीत भाऊ बुटाची नाडी बांधत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "पाय एकदम हलके झाले बघ."

रेघ उतरली.

थांबली. सावरली. पुन्हा उतरली.

डॉक्टरांचा पाय जागचा हलला नव्हता.

"बाई, थांबवा हे," स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. ते धापा टाकत होते.

बाईंनी थांबवलं नाही. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

डॉक्टर बाहेर आले. दाखला न वाचताच त्यांनी त्यावर सही केली आणि घड्याळ तिथेच विसरून ते निघाले.

बाई दारात उभ्या राहिल्या. व्हरांडा लांबलचक, फरशी गुळगुळीत, सपाट. डॉक्टर जिना चढावा तसं प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत उचलून टाकत होते. बाराव्या पावलाला त्यांनी भिंतीला हात टेकला, दम खाल्ला, आणि मान वर करून अजून किती उरलंय ते पाहिलं.