डाव्या कानातली चाल

सोमवारी सकाळी पावणेआठच्या खडकी-मांजरी बसमध्ये तो पाठीवर भलीमोठी गिटारची पेटी घेऊन चढला, तेव्हा कंडक्टरने त्याच्याकडे न बघताच विचारलं, "पाठीवरच्याचं तिकीट कोण काढणार?"

"अर्धं द्या," तो म्हणाला. "लहान आहे अजून."

पूर्णिमाला हसू आलं. त्याने ते पाहिलं आणि जणू आमंत्रणच मिळाल्यासारखा तिच्या डाव्या बाजूला येऊन बसला. पेटी गुडघ्यांत उभी धरली. पेटीवर एक चिकटपट्टी होती — 'भोंगा'. पूर्णिमाचं हसू तिथल्या तिथे विरलं.

पूर्णिमा वर्ध्याची. हडपसरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायची. उरलेल्या वेळात तेच काम एका संगीताच्या वेबसाइटसाठी हौसेने करायची, 'वर्धेकर' या नावाने. भोंगा हा खडकीच्या चौघांचा बँड, पोस्ट-पंक वाजवणारा. या संगीतात साधी गिटार कोपऱ्यात उभी राहून कुरकुरते आणि चाल पुढे न्यायची ती जाड तारांच्या गिटारने — बेसने. त्यांचा पहिला अल्बम वर्धेकरांनी डोक्यावर घेतला होता. दुसऱ्यावर तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं, 'या खेपेला बेसवाला बहुधा रजेवर होता.' वाक्य झकास होतं. इतकं की आणखी तिघांनी आपापल्या परीक्षणात ते जरासं फिरवून घातलं.

"तुम्ही... यात काय वाजवता?" तिने विचारलं.

"बेस. रजेवरचा तो मीच."

त्याचं नाव शुभंकर. मांजरीला उसाच्या प्रयोगशाळेत कामाला होता. त्याने कुरकुर न करता सगळं सांगितलं. गाणाऱ्या संभाजीचं म्हणणं, चार-चार जण लिहितात की बेस ऐकू येत नाही, तर मग बेसवाला हवा कशाला, लॅपटॉपवर भागेल. दर सोमवारी संध्याकाळी धायरीला ड्रमवाल्याच्या घरी सराव असायचा, म्हणून आज ही पेटी बरोबर. येत्या रविवारी काय ते ठरणार होतं. काढलंच, तर मांजरीच्या संतोषच्या ऑर्केस्ट्रात जागा होती. लग्नात वाजवायचं. लग्नाचं परीक्षण कुणी लिहीत नाही.

"आणि ते वर्धेकर काका?" तो म्हणाला. "साठीचे असावेत. मधुमेह असणार बिचाऱ्यांना... गोड काही लिहवतच नाही."

"असेल," म्हणून पूर्णिमा खिडकीबाहेर बघायला लागली. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, आणि ती नेमकी तिच्या बाजूला होती.

मंगळवारी तिने शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. एका बाईंनी विचारल्यावर "येऊन राहिले ते" असं म्हणून गेली, मग आपल्याच कानांना वऱ्हाडी ऐकू येऊन लाजली. बुधवारी त्याने कागदात गुंडाळून उसाच्या सोललेल्या गंडेऱ्या आणल्या. या जातीला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता.

"पाचपैकी किती तारे?" त्याने विचारलं.

"आधी दुसरी खाऊन बघते. पहिली चांगली होती म्हणून दुसरी असेलच असं नाही..."

तो खो-खो हसला. तिने मात्र घाईने दुसरी गंडेरी तोंडात कोंबली. त्या दिवशी हात कितीही धुतले तरी बोटं गोडच राहिली.

शुक्रवारी बस गर्दीत रुतली होती. पूर्णिमाच्या उजव्या कानात इअरफोन होता, डावा गळ्याशी लोंबत होता. नेहमीचंच. पुण्याला येताना आईने बजावलं होतं, रस्त्यात एक कान उघडा ठेवायचा. गेली चार वर्षं ती बसमध्ये एकाच कानाने ऐकत होती, आणि तिची बहुतेक परीक्षणं बसमध्येच व्हायची.

"कोण गातंय?" त्याने विचारलं.

"तुम्हीच."

लोंबणारा इअरफोन त्याने आपल्या उजव्या कानात घातला. वायर आखूड होती, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागली. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता... थोड्या वेळाने त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. चालत होती, थबकत होती, पुन्हा वर चढत होती. पूर्णिमा बघत राहिली. तिच्या कानातल्या गाण्यात असं काहीच नव्हतं.

"हे काय वाजवताय?"

"माझंच. आता हे चाललंय ना, हे."

"पण हे... यात नाहीये."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग हळूच आपल्या कानातला तिच्या डाव्या कानात घातला. तिच्या डोक्यात जिना उतरल्यासारखी एक चाल उतरत गेली — जाड, गुणगुणती, जरा दुखरी.

"आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा फॅक्टरीचा भोंगा डावीकडच्या खिडकीतून यायचा," तो सांगत होता. "म्हणून या अल्बममध्ये सगळा बेस मुद्दाम डावीकडेच ठेवलाय. उजव्या कानात तो येतच नाही."

पहिला अल्बम तिने मैत्रिणीच्या स्पीकरवर ऐकला होता. दुसरा बसमध्ये. तिने दोन्ही इअरफोन काढून मांडीवर ठेवले.

"शुभंकर, वर्धेकर मी आहे. मधुमेह नाहीये मला. मी... मी अर्धाच अल्बम ऐकला."

तिचा स्टॉप आला तेव्हा तो नेहमीसारखा उठून वाट देत उभा राहिला, इतकंच.

वेबसाइट चालवणारी निकिता म्हणाली, ते वाक्य गुपचूप काढून टाक, कुणाला कळतंय? पूर्णिमाने रात्री नवं परीक्षण लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं, पूर्णिमा झाडे. पहिली ओळ होती, 'बेसवाला हजर होता. माझा डावा कान रजेवर होता.' पुढे तिने बेस गाण्यागणिक नीट ऐकून लिहिला. शनिवार-रविवार लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. 'एककानी' हे नाव तर चिकटलंच. बाकीच्या तिघांनी आपली वाक्यं काढून टाकली, न बोलता.

सोमवारी तिने सीटवर पिशवी ठेवली. सरावाचा दिवस. पेटी आली तर तो बँडमध्ये आहे, नाही आली तर संतोषकडे. आणि आलाच नाही, तर...

दारातून आधी पेटी आत आली.

"आज पूर्ण तिकीट द्या," तो कंडक्टरला म्हणाला. "मोठं झालंय. इंटरनेटवर लिहून आलंय त्याच्याबद्दल."

तो तिच्यापाशी येऊन उभा राहिला. तिने पिशवी उचलली, पण वर बघितलं नाही.

"संभाजीने सगळ्यांसमोर वाचून दाखवलं," तो बसत म्हणाला. "तिसऱ्या गाण्याबद्दल तू जे लिहिलंस ना, ते वाजवताना मलाही माहीत नव्हतं." त्याने 'तू' म्हटलं होतं. दोघांनीही ते ऐकलं.

"राग गेला?"

"अर्धा. उरलेला असू दे, रोज भेटायला कारण हवं ना... पूर्णिमा, तिसरा अल्बम माझ्या शेजारी बसून ऐकशील?"

"तिसऱ्याला वेळ आहे. तोवर?"

"तोवर हाच. पुन्हा पुन्हा."

तिने वायर सोडवली. डावा आपल्या कानात घातला, उजवा त्याला दिला. तेवढ्यात आईचा फोन आला. बसमध्येच असशील, आई म्हणाली. एक कान उघडा आहे ना?

"आहे गं, आई," पूर्णिमा म्हणाली. "माझा एक, आणि शेजारी त्याचा एक."

वर्ध्याहून आईने लगेच विचारलं, "त्याचा म्हणजे कोणाचा?"