वेणूचा बुटका घट

आईचा घट वीतभर उंच आणि आपला जेमतेम चार बोटं, हे कसं? वेणूला काही केल्या उमगेना.

चंद्रावरच्या वस्तीत घट बसले, त्या दिवशी दोघींनी एकाच पिशवीतले गहू पेरले होते. आईने आपला घट भिंतीतल्या अंधाऱ्या कोनाड्यात ठेवला. वेणूला मात्र आपल्या घटाचे लाड करायचे होते, म्हणून तिने तो भाजीघरातल्या लखलखीत दिव्याखाली नेला. आज सातवी माळ, आणि लाडावलेलाच घट बुटका राहिला. चंद्राची ओढ कमी म्हणावी, तर ती दोन्ही घटांना सारखीच.

एरवी तिने हसून सोडून दिलं असतं. पण दसऱ्याला बाबांचं यान पृथ्वीवरून येणार होतं, आणि आई नेहमी म्हणायची, घटातलं धान जितकं उंच तितकं पुढचं वर्ष चांगलं. मग बाबांच्या यानाला काही होणार की काय? हे तिने कुणाला विचारलं नाही. भीती मात्र मनात बसली ती बसलीच.

भाजीघर सांभाळायला एक यंत्रमानव होता. मुलांनी त्याचं नाव खुरपं ठेवलं होतं.

"खुरप्या, माझा घट उंच कर," वेणू म्हणाली. "कसंही कर."

त्याने एक बाटली काढली. "हे जिबरेलिन. वनस्पतीचं संप्रेरक (निरोप पोचवणारं रसायन). घटाच्या एका कोपऱ्यातच घालतो."

"सगळीकडे घाल ना."

"आधी कोपरा बघ."

दसऱ्याच्या सकाळी त्या कोपऱ्यातले अंकुर भलतेच उंच झाले होते, पण पंख्याच्या झुळकीने आडवे पडले होते.

"जिबरेलिनने त्यांना जोरात ढकललं वाटतं," वेणू म्हणाली.

"ढकललं नाही. वाढायला पेशी तयारच असते. पण तिच्यात एक प्रथिन ब्रेकसारखं बसलेलं असतं, ते वाढ रोखून धरतं. जिबरेलिन आलं की त्या प्रथिनावर 'मोडा' अशी खूण चिकटते. खूण दिसली की पेशीतलं मोडयंत्र त्याचे तुकडे करतं. ब्रेक गेला की रोप सुटलं."

वेणूने आडवा पडलेला एक अंकुर बोटाने उचलून पाहिला. "म्हणजे थांबवणाऱ्याला हटवलं की वाढ?"

"हो."

"पण मी तर दिवा दिला होता. त्याने उलट जास्त वाढायला हवं."

"उजेडात रोप जिबरेलिन कमी करतं, म्हणून ब्रेक टिकतो. उजेड सापडलाय, मग उंच कशाला व्हायचं? ते पानं हिरवी करतं आणि अन्न बनवतं. कोनाड्यातल्या गव्हाला उजेड सापडलेला नाही. दाण्यातली शिदोरी संपायच्या आत तो शोधायचा, म्हणून तो ब्रेक मोडून धावतोय. उजेड नाही म्हणूनच तो पिवळाही पडलाय."

मग वेणूने मनातलं विचारलंच. "बाबांच्या यानाला ब्रेक आहे?"

"आहे. इथे हवा नाही, त्यामुळे वेग आपोआप कमी होत नाही. खाली आग फेकणारं इंजिन पेटलं नाही, तर यान आदळेल."

दुपारी आई आणि ती काचेशी उभ्या होत्या. काळ्या आकाशातला ठिपका वेगाने मोठा होत होता. वेणूने आईचा हात घट्ट धरला. इतक्यात ठिपक्याखाली निळसर ज्वाळा पेटली. यान मंदावलं, आणखी मंदावलं आणि हलकेच धुळीत टेकलं. वेणूला रडूच आलं.

बाबा आत आले तेव्हा आई सोनेरी, वीतभर धान घेऊन उभी होती. पण वेणूने आधी धाव घेतली आणि आपले हिरवे, बुटके अंकुर त्यांच्या कानावर खोचले.

"एवढंसंच आलं होय गं यंदा?" बाबांनी विचारलं.

"त्याचा ब्रेक शाबूत आहे," वेणू म्हणाली. "उरलेला घट मी भाजीघरात लावणार आहे. पुढच्या वर्षी घटात आपलेच गहू पेरू."