सात रिकाम्या बाटल्या

बाबांचं इन्सुलिन चार दिवसांत संपणार होतं आणि रस्त्यावरचा पूल वाहून गेला होता. एवढ्याचसाठी आम्ही तिघं त्या नदीवर निघालो. हौस म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते! नदीच्या वरच्या अंगाला, ऐन जंगलात, पाण्याची पातळी मोजायची एक चौकी आहे. बाबा तिथे एकटेच असतात. वायरलेसवर त्यांचा आवाज आला, "चार दिवसांचं आहे गं. घाई नाही." घाई नाही म्हणे! बाबांच्या कचेरीतले साहेब म्हणाले, हवा निवळली की हेलिकॉप्टरचं बघू. त्यांच्या भरवशावर बसणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

तिघं म्हणजे मी, दादा आणि आत्या. मी शिलाई मशीन दुरुस्त करते. दादा बस चालवतो. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती आणि अजूनही सगळ्या जगाला आपला वॉर्ड समजते. इन्सुलिनच्या कुप्या बर्फाच्या पेटीत, पेटी तिच्या मांडीजवळ. "हा बर्फ चौथ्या दिवसाच्या दुपारपर्यंत टिकेल," ती म्हणाली. "त्यापुढे या उन्हात औषधाचं नुसतं पाणी होईल. तेव्हा भांडायचं असेल तर वेगात भांडा."

भांडण आमच्या घरात पिढीजात आहे. म्हणजे तसं मोठं नाही. पण दादाने केलेलं काम मी पुन्हा करते आणि मी केलेलं तो. त्याने कडी लावली की मी जाऊन पाहते. मी गॅस बंद केला की तो जाऊन पाहतो. लहानपणी भाजीत मी मीठ घातलं की दादा येऊन पुन्हा घालायचा, कारण मी विसरले असणार! आणि बाबा मुकाट्याने खायचे.

होडी आणि मोटर एका कोळ्याकडून मागून आणली होती, आणि त्यातच एक दिवस गेला होता. होडीच्या मागे लटकणारी मोटर, जुनी पण दणकट. निघताना मी हळूच त्याला विचारलं, काय सांभाळायचं? तो म्हणाला, "तेलाकडे लक्ष ठेवा," आणि माझ्या हातात तेलाच्या पावलिटरी चार बाटल्या दिल्या. मी त्या हत्यारांच्या पिशवीत तळाशी ठेवल्या. दादाला काय सांगायचं? बस बंद पडली की हा बॉनेट उघडून नुसता उसासे टाकतो.

पहिला दिवस बरा गेला. संध्याकाळी वाळूवर होडी ओढली, मोटर तिरकी करून वर उचलून ठेवली. दादा लाकडं आणायला गेल्यावर मी झाकण उघडून तेल मोजायची काडी बाहेर काढली. जवळजवळ कोरडी! बघा, म्हटलं, माझं लक्ष नसतं तर? एक बाटली ओतली आणि गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटरच्या मानेवरून काळा ओघळ उतरला आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरला.

"तेल गळतंय!" दादा ओरडला.

"दिसतंय मला!"

किनाऱ्याला लागलो. दादा म्हणाला, खालचा बोल्ट सैल आहे. आवळला. ओघळ थांबेना. मी म्हणाले, फिल्टरचा रबर गेलाय. फिल्टर काढला, रबर पुसला, पुन्हा बसवला. ओघळ थांबेना! दादाने कुठल्याशा सांध्याला साबण चोपडला. साबण! मी डोक्याला हात लावला. तासाभराने आमचे दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि मोटर आपली निवांत ठिबकत होती. आत्याने पेटीचं झाकण किलकिलं करून पाहिलं आणि घाईने लावून टाकलं.

गळतंय तर भरायला हवं, एवढं मला कळत होतं. दादाची पाठ वळल्यावर मी दुसरी बाटली ओतली. संध्याकाळी तिसरी. काडीवर सगळीकडे तेल माखलेलं. खूण कुठली न् काय कुठलं! भरलेलं बरं, एवढाच विचार. पण जितकं भरावं तितकं जास्त गळत होतं. एवढं तेल पिऊन ओकणारं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि मी टेलरांची मशिनं पाहिली आहेत!

तिसऱ्या दिवशी सकाळी खिंड आली. दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये सगळी नदी घुसमटून दोन होड्यांच्या रुंदीची झालेली, आणि पाण्याचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. हिच्यापलीकडे नदी पुन्हा शांत, आणि तिथून दिवसभराच्या अंतरावर बाबा. त्यांच्याकडे आता एका दिवसाचं औषध उरलं होतं.

"पूर्ण सोड!" मी ओरडले. दादाने हँडल पिळलं. होडी उसळली. पाणी अंगावर आलं. अर्धी खिंड पार झाली. आणखी थोडं! मग मोटर खोकली. झाकणाखालून पांढराफटक धूर निघाला. एकदा आचका दिला आणि बंद!

होडी गर्रकन फिरली. दादा दोरी ओढतोय. काही नाही! पुन्हा ओढली. काही नाही! समोर खडक. मी वल्हं रोवलं. वल्हं मोडलं! आत्याने पेटी पोटाशी धरली आणि स्वतः होडीच्या तळाशी बसली. होडीची बाजू खडकावर आपटली, सरकली, आणि कड्यातून लोंबणारं एक जाड मूळ माझ्या हाताला लागलं. मी धरलं. खांदा निखळतोय असं वाटलं. दादाने माझी कंबर धरली, मग मुळाला दोर टाकला. त्या मुळाच्या आडोशाला, कड्याखालच्या टीचभर खडकावर आम्ही कसेबसे चढलो.

आणि तिथे, भिजलेले, रक्ताळलेले, आम्ही काय केलं? भांडलो!

"तुला तेल बघता येत नाही!"

"तूच बोल्ट बिघडवलास!"

मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. मोटर मेली, तर खाली परत जायला दोन दिवस. बाबांकडे एक. हे गणित मला करायचं नव्हतं, पण ते डोक्यातून जात नव्हतं.

"गप्प बसा!" आत्या गरजली. तिच्या हातात आमची कचऱ्याची गोणी होती. नदीत काही टाकायचं नाही, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम. तिने गोणी खडकावर उलटी केली आणि तेलाच्या रिकाम्या बाटल्या एका रांगेत मांडल्या. "सात. कुणी ओतल्या?"

"मी तीन," मी म्हणाले.

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "मी चार. मला त्या कोळ्याने दिल्या होत्या. तेलाकडे लक्ष ठेवा म्हणाला."

"मला म्हणाला!"

"मलाही!"

"रोज सकाळी तू उठायच्या आधी दोन-दोन घालत होतो. पहिल्यांदा तर काडी कोरडीच होती," दादा म्हणाला.

"मोटर उभी होती की तिरकी?" आत्याने विचारलं.

"तिरकी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"तिरक्या बाटलीतलं औषध मी कधी मोजलं असतं का? तेल एका अंगाला सरकलं, म्हणून काडी कोरडी! पोट भरलेल्या पेशंटला तुम्ही दोघं आळीपाळीने भरवताय आणि वर विचारताय, उलटी का होते!"

गळती नव्हतीच. मोटर फक्त नको असलेलं तेल बाहेर टाकत होती. मला इतकी लाज वाटली की मी पाण्याकडे बघत बसले.

आत्याने बॅगेतून मोठी सिरिंज आणि नाकातून घालायची बारीक नळी काढली. आम्ही मोटर सरळ उभी केली. काडीच्या भोकातून नळी आत गेली आणि ती काळं तेल ओढू लागली. एक सिरिंज. दोन. दादा रिकामी बाटली धरून उभा. बारा सिरिंजा झाल्या तेव्हा काडीवर तेल दोन खुणांच्या मधे आलं. मी प्लग काढले, तेलाने न्हालेले! स्टोव्हवर तापवून, घासून, पुसून पुन्हा बसवले. दादाने दोरी ओढली. खोकला. पुन्हा. खोकला आणि धुराचा लोट! तिसऱ्यांदा मोटर धडधडली आणि मी दादाच्या पाठीत गुद्दा घातला, आनंदाने. तो कळवळला, पण हसला.

खिंड पार झाली. पुढे एक थेंबही गळला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी चौकीच्या लाकडी पायऱ्या दिसल्या. पेटीत बर्फाचा लिंबाएवढा खडा उरला होता. बाबा खाटेवर पडून होते, ओठ सुकलेले, ग्लानीत. पुरवून पुरवून वापरायचं म्हणून आदल्या दिवसापासून अर्धाच डोस घेत होते. आत्याने त्यांच्या बोटाला टोचून साखर तपासली, आकडा पाहून तोंड घट्ट मिटलं आणि म्हणाली, "चौदा युनिट. लगेच द्या. मी वायरलेसवर डॉक्टरांशी बोलते." ती शेजारच्या खोलीत गेली. मी हात धुवायला मागे गेले.

परत आले तर खोलीत बाबांशिवाय कुणी नाही. पेटीवर कुपी, बाजूला सिरिंजा. दादा नेहमीप्रमाणे काम टाकून होडी बांधायला पळाला असणार! मी एक सिरिंज उचलली. चौदापर्यंत भरली. बाबांची बाही वर केली.

आणि माझा हात थांबला. का, ते सांगता येत नाही. डोळ्यांसमोर खडकावरच्या सात बाटल्या आल्या.

"दादा!" मी दारातून ओरडले. "तू इंजेक्शन दिलंस का?"

"दिलं की! चौदा!" खालून आवाज आला. "का गं?"

मी सिरिंज बाजूला ठेवली आणि खाटेच्या कडेला बसून बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. आणखी चौदा दिले असते तर काय झालं असतं, हे नर्सच्या भाचीला कुणी सांगायची गरज नव्हती. मी हुंदके देऊन रडले. दादा धावत वर आला, भरलेल्या सिरिंजेकडे पाहिलं आणि माझ्याशेजारी बसला.

तासा-दोन तासांनी बाबांनी डोळे उघडले. आम्हाला शेजारी शेजारी बसलेलं पाहून त्यांना नवल वाटलं असावं. "जेवणाचं काय?" ते पुटपुटले.

दादा उठला, मघाशी मी चुलीवर चढवलेल्या भाजीवरचं झाकण काढलं, मिठाचा डबा हातात घेतला आणि माझ्याकडे वळला.

"बारके, तू घातलंस का?"