शेपटाचा डाव

पासपोर्ट नाहीसा झाला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि त्या सगळ्यांत एक निवृत्त फौजदार होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

"माझा पासपोर्ट," थोरली सिस्टर म्हणाली. ती भिंतीजवळच्या बाकाशी उभी होती. पर्स उघडी, चेन ओढलेली, आतलं सगळं बाकावर पसरलेलं. "वर्ग सुरू होण्याआधी इथंच होता. मी सगळ्यांना दाखवला होता."

दाखवला होता खरा. दुपारी तिची परदेशी वकिलातीत मुलाखत होती. तिकडच्या एका हॉस्पिटलात नर्सची एकच जागा होती आणि तिचा पहिला नंबर लागला होता. आज हजर राहिली नाही, तर जागा दुसऱ्या नंबराला जाणार होती. दुसरा नंबर तिच्याच वॉर्डातल्या धाकट्या सिस्टरचा होता, आणि ती याच वर्गात शेवटच्या खुर्चीवर बसलेली होती.

सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. धाकटीने ओढणी घट्ट ओढून घेतली.

फौजदारकाकांनी उठून आधी दार बघितलं. कडी आतून लागलेली होती. हे दार उघडताना असं केकाटतं की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर मान करून बघतं. वर्ग सुरू झाल्यापासून ते केकाटलं नव्हतं. म्हणजे चोर खोलीत होता आणि पासपोर्टही खोलीतच होता.

"कुणी हलायचं नाही," काका म्हणाले. बऱ्याच वर्षांनी हे वाक्य तोंडात आल्यामुळे त्यांना जरा बरं वाटलं. मग तसं वाटल्याची लाजही वाटली.

वर्ग होता इंग्रजीचा, टेलरच्या दुकानावरच्या खोलीत भरणारा. शिकवणाऱ्या बाईंची पद्धत जगावेगळी होती. इंग्रजी शब्द शिंगाला धरून आवरत नाही, शेपटाला धरा, असं त्या म्हणत. एक शेपूट घ्यायचं, म्हणजे शब्दाचा शेवटचा तुकडा, आणि ते शेपूट असलेली नामं ओळीने म्हणायची. यमक जुळत जातं, जीभ रुळते, आणि प्रत्येक नामाचा मराठी अर्थही लगेच सांगायचा असल्यामुळे नुसती पोपटपंची होत नाही.

रोज शेवटी त्याचाच डाव व्हायचा. अर्धगोलात खुर्च्या, हात गुडघ्यांवर, डोळे बंद. अडला तो बाद, दुसऱ्याने म्हटलेला शब्द पुन्हा म्हणाला तोही बाद. बाद झालेल्यानेही डाव संपेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, नाहीतर तो ओठ हलवून शेजाऱ्याला शब्द पुरवतो. बाई स्वतःही डोळे मिटून बसत, कारण त्याशिवाय त्यांना उच्चारातली खोट कळत नसे. पिशव्या आणि फोन मागच्या बाकावर ठेवायचे, हाही नियमच होता. जमिनीवर जाड सतरंजी होती, बाकाशेजारी वॉटर कूलर घरघरत असायचा. चोराने स्वतः आखली असती तरी इतकी सोय झाली नसती.

आजचं शेपूट होतं 'शिप'. बाईंनी डावाआधी सांगितलं होतं की हे शेपूट लागलं की बहुधा अवस्था, पद किंवा नातं असा अर्थ येतो.

पहिली खुर्ची काकांची. परदेशातल्या नातीशी फोनवर दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून ते या वयात वर्गाला येत आणि रोज सगळ्यांत आधी बाद होत. त्यांनी फ्रेंडशिप म्हणजे मैत्री असं म्हणून कशीबशी सुटका करून घेतली. मग टेलर, मेंबरशिप म्हणजे सभासदत्व. थोरली सिस्टर, लीडरशिप म्हणजे नेतृत्व. तिच्या शेजारी तिचा नवरा, फ्रिज-कूलर दुरुस्त करणारा, वर्गात सगळ्यांत हुशार. तो म्हणाला पार्टनरशिप म्हणजे भागीदारी. शेवटी धाकटी, स्कॉलरशिप म्हणजे शिष्यवृत्ती.

दुसऱ्या फेरीत काका बराच वेळ घुटमळले आणि स्टीमशिप म्हणजे आगबोट असं ठोकून बसले. ते अख्खं जहाजच झालं, शेपूट नव्हे, असं म्हणून बाईंनी त्यांना बाद केलं. टेलरने ओनरशिप म्हणजे घरमालक असं सांगितलं. बाई म्हणाल्या, तो माणूस झाला, मालकी म्हणा. त्यावर हशा पिकला, कारण टेलरचं आणि त्याच्या घरमालकाचं वाकडं सगळ्यांना ठाऊक होतं. मग थोरली, हार्डशिप म्हणजे हालअपेष्टा. तिच्या नवऱ्याने ओनरशिप म्हणजे मालकी असं म्हटलं आणि पुनरुक्तीत बाद झाला. धाकटीला तर शब्दच सुचला नाही, ती गप्प राहून बाद झाली. तिसऱ्या फेरीत टेलर सिटिझनशिप म्हणजे नागरिकत्व म्हणाला, थोरली रिलेशनशिप म्हणजे नातं म्हणाली, त्यापुढे टेलर अडला आणि डाव थोरलीने जिंकला.

बाईंनी डोळे उघडायला सांगितले, आणि मग हे सगळं झालं.

झडती सुरू झाली. नवऱ्याने कुणी सांगायच्या आत स्वतःचे खिसे उलटे केले, हत्यारांची पिशवी बाकावर रिकामी केली. टेलरच्या खिशातून खडू आणि मोजपट्टी निघाली. धाकटीच्या पिशवीतून डबा, छत्री, गाडीची किल्ली आणि तिचाही पासपोर्ट निघाला. तो तिचाच होता, बोलावणं आलंच तर हाताशी असावा म्हणून आणलेला, पण तेवढ्यानेही खोलीतली हवा आणखी गढूळ झाली.

"ही गप्प का राहिली ते मला आता कळतंय," थोरली म्हणाली. "रोज माझ्या बरोबरीने टिकते. आज दुसऱ्याच फेरीत हिला शब्द सुचत नाही? ही खुर्चीवर असती तर सुचला असता."

"ताई, मी इथंच होते," धाकटी म्हणाली.

"ताई म्हणू नकोस मला."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी एकाच वॉर्डात काम करायच्या. ही गोष्ट हॉस्पिटलात पोचली असती तर परदेश राहिला बाजूला, असलेली नोकरीही तिच्या हातची गेली असती.

नवऱ्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. इथे शोधत बसून वेळ घालवण्यात अर्थ नाही, आपण सरळ पोलीस चौकीत जाऊ, तक्रार नोंदवू, नशिबात नसेल तर इलाज नाही, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. टेलरलाही ते पटलं. बाई तर पार गळून गेल्या होत्या, त्यांच्या वर्गाची अब्रू चालली होती.

काकांना मात्र ते पटेना. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. थोरली, टेलर, बाई, अगदी धाकटीसुद्धा, सारखे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. एकच माणूस तिकडे एकदाही बघत नव्हता.

त्यांनी टेलरला विचारलं, "तुझी खुर्ची बाकाजवळ. काही जाणवलं का?"

"तसं म्हणाल तर माझ्या मागून कुणीतरी गेल्यासारखं वाटलं," टेलर म्हणाला. "पंखा असेल म्हटलं."

"कधी?"

"काका, तुम्ही त्या जहाजापाशी अडला होता ना, तेव्हा. मी माझा शब्द जुळवत होतो."

"बरं." काका धाकटीकडे वळले. "पोरी, तू गप्प का राहिलीस?"

"माझा शब्द हार्डशिप होता. तो ताईंनी घेतला. दुसरा सुचेना."

"त्याच्या आधी टेलरने काय सांगितलं होतं?"

"ओनरशिप. आधी घरमालक म्हणाले, मग बाईंनी मालकी करून दिलं. सगळे हसले तेव्हा माझाही शब्द डोक्यातून जायला आला होता."

काकांनी मान डोलावली आणि थोरलीच्या नवऱ्याकडे बघितलं.

"टेलरच्या शब्दाला सगळे हसले. का हसले, सांग बघू."

नवऱ्याने खांदे उडवले. "उच्चार चुकला असेल त्याचा."

"आत्ता ही पोरगी काय म्हणाली, ते तरी ऐकलंस का?"

त्याचं लक्ष बाकाकडे होतं. खरं म्हणजे बाकाकडेही नाही, त्याच्या शेजारी घरघरणाऱ्या वॉटर कूलरकडे होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

काका उठून कूलरपाशी गेले आणि बाईंना आपल्या जागेवरून एखादा शब्द म्हणायला सांगितला. बाईंचे ओठ हलले. काकांना मोटरीच्या घरघरीशिवाय काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी मागच्या पत्र्याच्या फटीत हात घातला, थोडं चाचपलं, आणि प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत नीट गुंडाळलेला पासपोर्ट बाहेर काढला.

थोरलीने तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. मग तिची नजर त्या पिशवीवर गेली. स्क्रू आणि वायसर ठेवायच्या असल्या पिशव्या तिच्या घरात खिळ्याला टांगलेल्या असत.

"मी सुरुवातीला फसलो," काका म्हणाले. ते खुर्चीवर बसले, कारण पुढचं उभ्याने बोलायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "आपण सगळे गप्प राहिलेल्या माणसावर संशय घेत होतो. पण चोर गप्प राहात नसतो. त्याला ठाऊक असतं की आपली पाळी येणार, त्या वेळी जागेवर असायला हवं आणि तोंडातून शब्द निघायला हवा. म्हणून तो शब्द आधीच तयार ठेवतो. धाकटीचा शब्द शेजारणीने घेतला आणि ती अडली, म्हणजे ती कान देऊन ऐकत होती. याचा शब्द टेलरने आधीच घेतलेला, तोही सगळी खोली हसेल असा. तरी याने तोच शब्द पुन्हा म्हटला. वर्गातला सगळ्यांत हुशार गडी ही चूक कधी करेल? त्या वेळी त्याचं डोकं कूलरच्या मागे असेल तरच."

"लक्ष नसेल माझं," नवरा म्हणाला. "तेवढ्यावरून मी चोर झालो?"

"तेवढ्यावरून नाही. कूलर गेल्या आठवड्यात तूच उघडला होतास. मागे हात जाईल एवढी फट आहे आणि आत कोरडी जागा आहे, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? आणि पासपोर्ट भिजू नये म्हणून घरून पिशवी आणणारा चोर मी नोकरीत असताना एकही पाहिला नाही. ज्याला कागद नासायचा नव्हता, नुसती दुपार टळून जायला हवी होती, त्याचं हे काम. म्हणून तर तुला चौकीत जायची घाई होती आणि घड्याळाची नव्हती."

"पण हे घरी करता आलं असतं की," टेलर म्हणाला. "इथं एवढा खटाटोप कशाला?"

"घरी दोघंच. तिथं हरवला असता तर नाव याचंच आलं असतं. इथं दुसऱ्या नंबराची मुलगी आयती बसलेली होती."

हे ऐकताना धाकटीने पहिल्यांदाच मान वर केली. नवऱ्याने मात्र खाली घातली. एवढं शरमलेलं माणूस काकांनी कोठडीतही क्वचितच पाहिलं असेल.

"तिचं नाव यावं असं मनात नव्हतं," तो म्हणाला. "पुढचा विचारच केला नाही. एवढी मुलाखत हुकली असती तर संध्याकाळी मीच शोधून दिला असता."

"वर्गात माझं नाव तुम्हीच घातलं," थोरली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "फॉर्म तुम्ही आणला. सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलात, माझी बायको परदेशी चालली म्हणून."

"मग काय सांगायचं होतं? बायकोला अडवणारा नवरा म्हणून मिरवायचं?" त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी आपला वाट बघत होतो, कुठंतरी तुझं अडेल. कुठंच अडेना. प्रत्येक परीक्षेत पासच होत गेलीस तू."

मग थोरली म्हणाली, "तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, जाऊ नकोस, मला करमणार नाही, तर मी गेले नसते. देवाशपथ नसते गेले. कितीदा रात्री तुमच्याकडे बघून वाट पाहिली, आता म्हणाल, मग म्हणाल."

"आता म्हणतो."

"आता नाही," ती म्हणाली, आणि तिने पासपोर्ट पिशवीतून काढून पर्समध्ये टाकला. पिशवी तिने बाकावर ठेवून दिली.

ती धाकटीसमोर जाऊन उभी राहिली. तिला हात जोडायचे होते, पण ते जमेना. धाकटीनेच बाकावरचं आपलं सामान पिशवीत भरलं आणि गाडीची किल्ली उचलली. माफीचं सावकाश बघू, ताई, या वेळी रिक्षा मिळायची नाही, मागे बसा, असं ती म्हणाली. तिच्या आवाजात गोडवा अजिबात नव्हता. पण ती पुढे झाली आणि कडी तिनेच काढली.

दार केकाटलं. जिन्यावर दोघींची पावलं वाजली आणि थोड्या वेळाने खाली गाडी सुरू झाली.

टेलर दुकानाचं निमित्त काढून निघून गेला. बाई खुर्च्या भिंतीला लावू लागल्या. नवरा बाकाशी उभा राहून आपली हत्यारं एकेक करून पिशवीत भरत होता. पक्कड त्याच्या हातून दोनदा खाली पडली. काकांनी ती उचलून दिली.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही इतकी माणसं पाहिलीत. ती गेली तर परत येईल का हो?"

काकांनी आयुष्यभर प्रश्न विचारले होते आणि कुणाला कुठे बोलतं करायचं ते त्यांना चांगलं कळत होतं.

"हे मला काय विचारतोस?" ते म्हणाले. "पळ खाली. नाक्यावरचा सिग्नल सुटता सुटत नाही, गाठशील, आणि तिलाच विचार."

तो हत्यारं तिथंच टाकून धावला.