सभासद क्रमांक चौतीस

सातमाळा विद्यापीठाच्या व्यायामशाळेखालच्या तळघरात पूर्वी फाटक्या गाद्या आणि मोडकी टेबलं ठेवत. आता तिथे श्रमविज्ञान प्रयोगशाळा होती. संपत खरोटे पहिल्यांदा आत गेले तेव्हा एक विद्यार्थी लोखंडी पायऱ्या चढत-उतरत होता आणि दुसरा शेजारच्या खाटेवर झोपला होता. चारशे पायऱ्या झाल्या तरी चढणाऱ्याला धाप नव्हती. झोपलेला मात्र घामाने निथळत होता.

"दोघांपैकी दमलं कोण, सांगा," डॉ. अनघा टिपरे म्हणाल्या.

"झोपलेला," खरोटे म्हणाले. "आमच्या कचेरीत असे बरेच आहेत."

डॉक्टर हसल्या. त्या पुण्याहून दोन वर्षांसाठी आल्या होत्या आणि अजून विद्यापीठावर चिडलेल्या नव्हत्या. खरोटे इथे एकवीस वर्षं नोकरीत होते. विद्यार्थ्यांच्या बावीस क्रीडामंडळांचे ते समन्वयक. मैदानाच्या वेळा वाटून देणं, जाळी आणि चेंडू यांच्यासाठी अर्ज करणं, दोन मंडळांच्या सचिवांची भांडणं सोडवणं आणि दरवर्षी जूनमध्ये सभासदांच्या याद्या तपासणं, हे त्यांचं काम.

"हे होतं कसं?" त्यांनी विचारलं.

"दोन हौद नळीने जोडले तर काय होतं?"

"भरलेल्यातलं पाणी रिकाम्यात जातं. पातळी सारखी होईपर्यंत."

"थकवाही तसाच वाहतो. दमलेल्या स्नायूंकडून मेंदूला एक संकेत सतत जात असतो. त्याला आम्ही श्रमभार म्हणतो. शरीराला जड करतो तो हाच. मनगटावरच्या या पट्टीने तो काढून घेता येतो आणि दुसऱ्या कुणाच्या मज्जातंतूंत सोडता येतो. हे श्रमवहन. झोपलेल्या माणसाची पातळी सगळ्यांत खाली असते, म्हणून भार तिकडे चांगला वाहतो. तो माणूस दहा मैलांवर असला तरी चालतं."

"आणि थकवा नाहीसा कधी होतो?"

"वाहण्यात कधीच नाही. इकडून जेवढा निघाला तेवढा तिकडे पोचतो. तो जिरवतं फक्त जिवंत शरीर. झोपेत, आपल्या गतीने."

"हौद भरला तर?"

"जिवंत शरीर काठापर्यंत भरलं की उलटा दाब देतं. मग यंत्रणा त्याला सोडून दुसरा हौद शोधते. म्हणूनच मला एखादं मंडळ हवंय, खरोटे सर. बारा खेळाडू, अठ्ठावीस न खेळणारे सभासद. बाराजणांचा भार अठ्ठावीसजणांत वाटला तर एकेकाच्या वाट्याला दोन मजले चढल्याएवढा येईल. कुणाला कळणारही नाही. फक्त आजारी माणूस नको. काठोकाठ भरलेलं शरीर निरोगी हृदयच पेलतं."

विद्यापीठाचा नियम होता की मंडळाला चाळीस सभासद हवेत. एक जरी कमी पडला तर मान्यता गेली आणि मान्यतेबरोबर मैदानही गेलं. पण विद्यापीठात कुठल्याच मंडळाला खरे चाळीस सभासद नव्हते. नाव दे, यायचं नाही, अशी रीत होती. वसतिगृहाच्या जिन्यात उभं राहून सह्या गोळा करायच्या आणि सही करणाऱ्याला वडापाव खाऊ घालायचा. खरोट्यांनी स्वतः विद्यार्थी असताना अशा सह्या गोळा केल्या होत्या. पुढे समन्वयक झाल्यावर त्यांनी त्याच याद्या डोळे झाकून मंजूर केल्या. डॉ. टिपऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नियम वाचला आणि याद्या खऱ्या मानल्या.

"मुलींचं खो-खो मंडळ घ्या," खरोटे म्हणाले.

त्याला कारण होतं. त्या मंडळाला गेली चार वर्षं एकही ढाल मिळाली नव्हती. यंदा आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकली नाही तर मंडळ बंद करून त्यांचं मैदान वाहनतळाला द्यायचं, असा ठराव झाला होता. आणि ते मंडळ खरोट्यांच्या बायकोने, हर्षदाने सुरू केलं होतं. पहिल्या संघाची ती कर्णधार. त्या मैदानावरचे दगड तिने आणि तिच्या मैत्रिणींनी घमेल्यांनी वेचले होते. खरोट्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच, डोक्यावर घमेलं घेतलेली.

दोन वर्षांपूर्वी हर्षदाच्या हृदयाची एक झडप बदलावी लागली. तेव्हापासून ती घरीच होती. दुपारी झोप, संध्याकाळी थोडं चालणं.

यादीत एकोणचाळीस नावं भरली. एक कमी पडत होतं; चौतीसाव्या ओळीतल्या मुलाने नाव मागे घेतलं होतं. माजी खेळाडू सभासद होऊ शकतात अशी तरतूद होती. घरी त्यांनी नुसता विषय काढला.

"माझं घाला की," हर्षदा म्हणाली.

"तू आजारी आहेस."

"अहो, झोपायचंच तर आहे. दोन वर्षं मी दुसरं काय करतेय? निदान पोरींच्या कामी येईल."

प्रकृतीच्या रकान्यात खरोट्यांनी 'उत्तम' असं लिहिलं. सभासद क्रमांक चौतीस.

पट्ट्या वाटल्या गेल्या. विद्यार्थी परिषदेने एक अट घातली होती: पट्टीने श्रमभाराशिवाय काहीही मोजायचं नाही. नाडी, श्वास, ताप ही सभासदांची खाजगी बाब आहे, आणि प्रयोगशाळेला नावं न देता फक्त क्रमांक द्यायचे. अट रास्त होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अठ्ठावीसपैकी एकोणीसजणांनी पट्टी कधी बांधलीच नाही. कुणाची टेबलाच्या खणात, कुणाची गावाकडे. एकाने ती वसतिगृहातल्या मांजराच्या पायाला बांधली.

"एकोणतीस क्रमांक फारच पटकन भरतो हो," एकदा डॉ. टिपरे म्हणाल्या.

"पोरगा किरकोळ अंगाचा आहे," खरोटे म्हणाले.

"आणि अठरा हौद बंदच दिसतात."

"जागरणं करतात. परीक्षा आहेत ना."

खरं सांगितलं असतं तर यादी खोटी ठरली असती आणि मंडळ त्याच दिवशी संपलं असतं. बाराजणींचा भार नऊ माणसं आणि एक मांजर यांच्यावर पडत होता. नऊंपैकी आठ विद्यार्थी दिवसभर हिंडणारे होते. दुपारी सरावाच्या वेळी झोपलेलं असं एकच माणूस होतं.

संघ मात्र बदलला. कांचन ठोंबरे ही कर्णधार पूर्वी तिसऱ्या मिनिटाला खुंट धरून उभी राहायची. आता नऊ मिनिटांची पाळी संपली तरी तिची बडबड चालू असे. "सर, माझा दम कोण घेतंय त्याला माझ्याकडून भेळ," असं ती ओरडायची. महिन्याभरात त्यांनी तीन विद्यापीठं हरवली.

घरी हर्षदा कणीक मळता मळता परातीवर हात टेकून थांबू लागली. एकदा जेवताना तिला डुलकी लागली, घास हातातच. तिच्या ओठांवर निळसर छटा आलेली खरोट्यांना दिसत होती.

"दोन दिवस काढून ठेव ती पट्टी," ते म्हणाले.

"अंतिम सामना होऊ द्या. मग काढते."

"नक्की?"

"आता तिथे वाहनतळ करायचाय का तुम्हाला?"

खरोट्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. ती ऐकत नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं. खरं तर ती ऐकली नाही याचं त्यांना बरं वाटलं होतं.

अंतिम सामना शनिवारी सकाळी दहाला, आपल्याच मैदानावर होता. शुक्रवारी परीक्षा विभागाने वेळापत्रक बदललं आणि शनिवारी दहालाच पेपर ठेवला. आठ सभासदांचे निरोप आले: सर, पेपरला डोकं जड नको, पट्टी काढतोय. डॉ. टिपऱ्यांना सांगायला हवं होतं. खरोट्यांनी निरोप वाचले आणि फोन खिशात टाकला.

निघताना हर्षदा अंथरुणातच होती.

"मी आज उठतच नाही," ती म्हणाली. "तुम्ही पोहे खाऊन जा. झाकून ठेवलेत. आणि कांचनला सांगा, उजवीकडून हुलकावणी दे. ती नेहमी डावीकडूनच देते, मूर्ख मुलगी."

ते पोहे खाऊन निघाले.

पहिल्या डावानंतर संघ कोसळला. मुली गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या होत्या. कांचनला उलटी झाली. डॉ. टिपरे मांडवात पडद्यासमोर बसल्या होत्या.

"सगळे हौद बंद! एकोणतीस तर पहिल्या मिनिटालाच भरून सुटला. एकटा चौतीस चालू आहे आणि तोही काठोकाठ. सकाळी आठच्या सरावापासून उलटा दाब देतोय. जागाच नाही तिथे. बाकीचे गेले कुठे, सर?"

"बघतो," खरोटे म्हणाले आणि बघितलं नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी, दुसऱ्या डावाच्या शेवटच्या पाळीत, सहा गुण मागे असताना मुली सरळ झाल्या. वाकलेली पाठ ताठ झाली. कांचन सुटली ती अशी की समोरची धावक खुंटाला वळसा घालायच्या आत बाद झाली. दुसरी, तिसरी, चौथी. मैदानाभोवती नुसता गदारोळ. मुली धावत होत्या आणि त्यांच्या छात्या शांत होत्या. सात गुणांची भर पडली आणि सामना एका गुणाने हातात आला. खरोटे खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी शिटी मारली.

कुलसचिव येऊन हात हलवून गेले. "वाहनतळ दुसरीकडे बघू," म्हणाले.

मग डॉ. टिपऱ्यांनी त्यांची बाही ओढली. त्यांचे डोळे चमकत होते.

"सर, असं मी कधी पाहिलं नाही. चौतीस क्रमांक. दहा चाळीसला त्याचा उलटा दाब एकदम शून्य झाला. आणि त्यानंतर बाराजणींचा सगळा भार त्या एकट्याने घेतला. पातळी वर चढतच नाही. हा हौद भरतच नाही!"

"म्हणजे गाढ झोप," खरोटे म्हणाले.

"झोपेतही दाब असतो. थोडा का होईना, असतोच. शरीर स्वतःसाठी काही राखून ठेवतं. इथे काहीच राखलेलं नाही. नुसत्या नसा उघड्या आहेत, वाहतायत. एक-दीड तास वाहतील अशा. जिवंत शरीरात असं..."

त्या थांबल्या. पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "चौतीस कोण आहे, सर?"

खरोट्यांनी फोन काढला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली.

"झोपताना ती आवाज बंद करते," ते म्हणाले.

"ती?"

"माझी बायको. झडप बदललेली आहे तिची. मी अर्जात उत्तम लिहिलं होतं."

डॉ. टिपऱ्यांनी दवाखान्याच्या गाडीला फोन केला, कर्मचारी वसाहतीचा पत्ता खरोट्यांना विचारून दिला. गाडीला पाच मिनिटं लागणार होती. मैदानावर मुली ढाल डोक्यावर धरून नाचत होत्या. बारा मनगटांवर बारा पट्ट्या. त्यांची प्रत्येक उडी कुठे जात होती ते खरोट्यांना आता समजत होतं.

"थांबवा ते," ते म्हणाले.

"थांबवते. पण एक बघू द्या. नळी उलटी करते." डॉक्टर पडद्याकडे वळल्या. "इतका भार तिकडे गेलाय. शरीर जिवंत असेल तर संधी मिळताच परत लोटेल. या मुलींपैकी कुणाला तरी लगेच धाप लागेल. माझं मोजमाप चुकलं असेल, पट्टी बिघडली असेल, काहीही असेल. धाप लागली तर त्या जिवंत आहेत."

त्यांनी कळ दाबली. खरोटे मैदानात उतरले. मुलींनी त्यांना गराडा घातला.

"उभ्या राहा," ते म्हणाले. "नाचू नका. नुसत्या उभ्या राहा."

"काय झालं सर?"

"उभ्या राहा म्हणतो ना!"

त्या घाबरून उभ्या राहिल्या. खरोटे एकेकीच्या तोंडाकडे बघत गेले. एकवीस वर्षं त्यांनी पोरींना दम लागू नये म्हणून गूळ वाटला, सरबतं दिली, खोट्या याद्या केल्या. आता ते बारा छात्यांकडे बघत होते. एक तरी वर-खाली होऊ दे. एक तरी गुडघ्यावर बसू दे. कुणीतरी उलटी करा गं.

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.

कांचन सगळ्यांत जवळ होती. कपाळ कोरडं, श्वास संथ, गाल नुकत्या झोपून उठलेल्या मुलीसारखे. तिला सरांचं काही कळेना. त्यांना हसवावं म्हणून ती म्हणाली, "सर, असं काय बघताय? अजून एक पाळी खेळून दाखवू का?"