चिमणीवरची पांढरी वाफ

आर्णीच्या बाहेर, सोयाबीनच्या वावरांत, दवाखान्यांचा कचरा जाळायची एक छोटी भट्टी आहे. सलाइनच्या नळ्या, हातमोजे, रक्ताचे बोळे, सगळं तिथेच येतं. थंडीचे दिवस होते. दुपारी चारला शीलाने नेहमीसारखी भट्टी पेटवली आणि टाकीचा पंप चालू केला. टाकीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा फवारा पडतो. धूर त्यात धुऊन निघतो, त्यातलं आम्ल तिथेच मरतं आणि चिमणीतून निघते ती नुसती पांढरी वाफ.

आता गंमत बघा. वस्तीतल्या लोकांना हीच वाफ खुपायची. विषारी धूर सोडतात म्हणून अर्जावर अर्ज. पंप बंद असला की चिमणीतून फारसं काही दिसायचं नाही, मग लोक खूश आणि मालक चारुदत्त साहेब त्यांच्याहून खूश. जाळलेल्या प्लास्टिकचं आम्ल मात्र कुणाला न दिसता खाली उतरायचं. वस्तीच्या तोंडाशीच अंगणवाडी होती आणि त्या अंगणवाडीत शीलाची पोरगी ममता महिनाभर खोकत होती.

"पोरी, पांढरं दिसते ते निस्तं पाणी हाय. जे दिसत नाई, ते घसा जाळते." भीमराजदादाने काम शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात साहेबांनी पंप बंद ठेवायला लावला, त्या दिवशी दादा याच शेडमध्ये घसा धरून पडला, तो उठलाच नाही. साहेब म्हणाले, हार्टफेल. शीलाचा तो राग अजून गेला नव्हता.

भट्टी तापली आणि साहेबांची गाडी आली.

"शीला, पुन्हा अर्ज आलाय. पंप बंद कर."

"नाई करत, साहेब."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या पाहू. आज भट्टी पेटली हाय, तं आज पंप चालन."

साहेबांनी स्वतःच जाऊन स्विच खाली ओढला. फवारा थांबला. थोड्याच वेळात डोळे चुरचुरले, जिभेवर आंबट चव आली. बाहेर चिमणी कशी स्वच्छ दिसत होती. शीला स्विचकडे निघाली, तर साहेब आडवे उभे राहिले.

आणि फवारा सुरू झाला.

स्विच खालीच होता. पण टाकीत पाणी धो धो कोसळत होतं.

"शीला... दुसरीकडून वायर जोडलीस का?"

"नाई जी."

टाकीमागे कुणीतरी खोकलं. घसा सोलल्यासारखा, कोरडा खोकला. शीलाने तो ओळखला. तिच्या अंगावर काटा आला, पण पाय मागे गेले नाहीत. भ्यायचं कायले? दादा जिवंत असताना त्याचं कधी भेव वाटलं नव्हतं.

"कोण आहे तिकडे?" फ्यूजचा डबा टाकीमागेच होता. साहेब फ्यूज काढायला तरातरा तिकडे गेले. ओरडण्याचा आवाज आला नाही. फक्त खट् असा एक आवाज, मग बराच वेळ काहीच नाही...

ते परतले ते उजवा हात पोटाशी धरून. डाव्या मुठीत काढलेला फ्यूज होता. पंप चालूच होता.

शीलाने त्यांचा हात नळाखाली धरला. मनगटावर एका बाजूला चार बोटं आणि दुसऱ्या बाजूला अंगठा उमटला होता. तिथली कातडी कॉस्टिकने भाजून साबणासारखी बुळबुळीत झाली होती.

"तिथं कोणी नव्हतं, शीला... कोणीच नव्हतं..."

"दादा उघड्या हातानं कॉस्टिक कालवे, साहेब. तुमी त्याले हातमोजे कधी देलेच नाई."

साहेब गाडीत बसले आणि गेले. शेडमध्ये शीला एकटी उरली. तिने दार लावलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. पुढचं पोतं उचलून भट्टीत टाकलं.

"चालू द्या, दादा," ती म्हणाली. "अजून दोन पोते बाकी हायेत."

फवाऱ्याचा जोर वाढला.