बोट लागलेलं बेअरिंग

निवडीच्या खोलीत बाराही महिने वीस अंश. बाहेर उन्हानं डांबर वितळो नाहीतर थंडीनं बोटं आखडोत, आत वीस म्हणजे वीस. दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. पांढरा झगा, टोपी, हातमोजे. दवाखान्यातल्या श्वास देणाऱ्या यंत्रांत जे पंखे असतात, त्यांची बेअरिंगं इथे निवडली जात. अंगठीएवढं बेअरिंग, आत मोहरीहून जराशा मोठ्या गोळ्या, आणि मिनिटाला हजारो फेरे.

काम सोपं, म्हणजे सांगायला. बेअरिंग चाचणीच्या दांड्यावर चढवायचं, फिरवायचं, काट्यावर त्याची थरथर वाचायची. काटा हिरव्यात राहिला तरी शेवटी कानाला नळी लावून ऐकायचं. काट्याला न कळणारं कधीकधी कानाला कळतं, आणि या खोलीत निवडीला बसणाऱ्या तिला तर हटकून कळायचं. म्हणून सगळे तिला 'कान' म्हणत. "आज कान जागा आहे का झोपलाय?" असं विचारत फिटरकाका दारातूनच डोकावायचे.

हल्ली तो झोपलेलाच असायचा. बाळंतपणानंतर ती कामावर परतली त्याला सहा आठवडे झाले होते. बाळ सात महिन्यांचं. झोपेत ते तीन श्वास नीट घ्यायचं आणि चौथ्याला अडायचं. टुक. जरा थांबायचं, मग पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाल्या, वाढेल तसं जाईल. सासूबाई म्हणाल्या, "अगं, याचा बापही असाच घुटमळायचा. आता बघ, घोरून भिंती हलवतो." पण झोपेतसुद्धा तिचं बोट आपसूक बाळाच्या नाकाखाली जायचं. ऊब लागली की मगच तिच्या पापण्या मिटायच्या.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती बसल्या जागी पेंगली. क्षणभरच. डोळे उघडले तेव्हा उजव्या हाताचा मोजा मांडीवर पडला होता, डाव्या तळहातावर बेअरिंग होतं, आणि तिचं उघडं बोट त्याला टेकलेलं होतं. गोळ्या जिथून धावतात त्या खाचेच्या अगदी काठाला.

श्वास चालू आहे ना, ते बघत होती ती.

बोट लागलेलं बेअरिंग बाद. पहिल्याच दिवशी फिटरकाकांनी बजावलं होतं, "बोटाला घाम, घामात मीठ. आज काही दिसणार नाही. पण जिथे बोट लागलं तिथेच एक दिवस टवका उडणार." ते लाल डब्यात टाकायचं आणि वहीत कारण लिहायचं. या महिन्यात तिच्या नावावर आधीच तीन कारणं होती. तिने बेअरिंग धुतलं, पुसलं आणि नुसतं बघावं म्हणून दांड्यावर चढवलं.

काटा जागचा हलला नाही. इतका निवांत काटा तिने कधी पाहिला नव्हता. तिने नळी कानाला लावली.

आधी नेहमीची बारीक शीळ. मग शिळेच्या खाली काहीतरी. आत, बाहेर. आत, बाहेर. आत, बाहेर. टुक.

झोप नाही, दुसरं काय, असं स्वतःशी म्हणत तिने बटण दाबून यंत्र थांबवलं.

दोन मिनिटं झाली नसतील तोच भिंतीवरचा फोन वाजला. सासूबाई होत्या. "अगं, हा श्वास घेत नाहीये! निळा पडलाय गं, मी पाठ थोपटतेय, पालथा घातला, अगं..." तिचा हात तिच्याआधी पुढे गेला. बटण दाबलं. बेअरिंग फिरू लागलं. आणि फोनमध्ये एक चिरका, ओला, सुंदर टाहो उमटला.

"घेतला गं बाई, घेतला," सासूबाई रडत म्हणाल्या.

योगायोग असेल. योगायोग आहे की नाही हे तपासायची रीत तिला ठाऊक होती, रोजचंच काम होतं तिचं. पुन्हा बंद करायचं आणि बघायचं. तिने ते केलं नाही.

चार वाजता पाळी संपली की निवडीच्या खोलीतलं प्रत्येक यंत्र बंद होतं. न थांबणारी यंत्रं फक्त शेजारच्या खोलीत. ती आयुष्य-चाचणीची रांग. बारा यंत्रं, सुट्टी असो, वीज जावो, बॅटऱ्यांवर चालत राहतात. पण बेअरिंग तिथे न्यायचं तर आधी इथे थांबवायला हवं. तिने दुसरं एक बेअरिंग घेऊन सराव केला. शेजारच्या दांड्यावरून काढायचं, मधली दोन्ही दारं, बाराव्या यंत्रात बसवायचं, बटण. पहिल्यांदा चाळीस सेकंद. पाचव्यांदा एकवीस.

पावणेचारला तिने घरी फोन लावला. "आई, त्याला उठवा. मांडीवर घ्या. रडवा."

"शहाणी आहेस का? आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"रडवा म्हणते ना! आणि फोन ठेवू नका."

बाळ रडायला लागलं. तिने फोन लोंबता सोडला.

बटण.

फोनमधलं रडणं मधेच तुटलं.

काढलं. दार. दुसरं दार उघडेना, पहिलं नीट लागलं नव्हतं. तिने खांद्याने ते रेटलं.

बसवलं. मोजे ओले झाले होते, कशाने कोण जाणे.

बटण.

ती परत धावली. लोंबत्या फोनमधून रडणं येत होतं.

नमुना म्हणून तिने त्याची नोंद केली. भाराची वजनं मात्र लावली नाहीत. नुसतं फिरू दे, बास.

त्यानंतर बाळ नीट झोपू लागलं. श्वास इतका एकसारखा की सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "तेल घातल्यासारखा चालतोय गं." टुक गेलंच. दिवसातून चार वेळा ती बाराव्या यंत्राला नळी लावून यायची. तिथेही टुक नव्हतं. नुसती शीळ, मऊ, लांबच लांब. आकडे दाखवणारी पट्टी पुढे जायची: दोनशे तास, पाचशे, नऊशे. ती जेवायला लागली. बसमध्ये डुलक्या काढायला लागली. तरी थकवा काही उतरेना. हाडांत जाऊन बसला होता.

बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब तिला तोंडपाठ होता. कागदावर जेवढे तास लिहिलेले, तेवढी शंभरातली नव्वद टिकतात. उरलेल्या दहांबद्दल कागद काही बोलत नाही.

शनिवारी फिटरकाका बाराव्या यंत्रापाशी उभे राहून हसले. "हे बेअरिंग आहे की जावई? काडीचा भार नाही त्याच्यावर!"

मागे साहेब उभे होते. "वजनं कुठायत याची?"

"साहेब, ते... राहू दे ना तसंच थोडे दिवस."

"का?"

ती साहेब आणि यंत्र यांच्या मधे सरकली.

"आयुष्य-चाचणी कशासाठी असते?" साहेब शांतपणे म्हणाले. "फुटेपर्यंत चालवायचं आणि बघायचं, किती टिकलं ते. काका, पूर्ण भार द्या. आणि कोणी हात लावायचा नाही आता."

काकांनी एकेक वजन चढवलं. चौथ्या वजनाला शीळ किंचित खाली उतरली. तिने घरी फोन केला. "काही नाही गं," सासूबाई म्हणाल्या, "झोपेत जरा कण्हला. दात येत असतील."

रविवारी दुपारी बाळ पलंगावर उताणं झोपलं होतं, मुठी उघड्या टाकून. सासूबाई स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. श्वास एकसारखा चालला होता. आत, बाहेर. आत, बाहेर. तिने नाकाखाली बोट धरलं. ऊब होती. तरी तिने हळूच वाकून त्याच्या छातीवर कान ठेवला.

काळजाचे ठोके ऐकू आले. त्या ठोक्यांच्या खाली, खूप आत, काहीतरी फिरत होतं. गुळगुळीत, न थांबता. ती ऐकत राहिली. तिचा कान चुकत नसे.

बऱ्याच वेळाने, बोटाच्या टोकाएवढ्या एका जागी, टुक.